मधला भांग

माझे भावोजी भांग पाडतात तो बरोबर मधोमध. आरशासमोर उभं राहून, मान जराही न हलवता, कंगव्याचं टोक कपाळाच्या मध्यावर टेकवतात, तिथून मागे नेतात आणि मग दोन्ही बाजूंचे केस सारखे बसले ना हे दोन्ही हातांनी चापून बघतात. "एका बाजूला पाडला की दुसऱ्या बाजूला जास्त केस जातात," ते मला एकदा म्हणाले होते, "उगाच एकावर अन्याय कशाला?" मी हसलो. ते हसले नाहीत. भावोजी विनोद करत नाहीत हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि तोवर माझी बहीण त्यांच्या घरात जुनी झाली होती.

ह्या भांगाचं त्यांच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, भारी दुःख. अण्णांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आणि गल्लीतली निम्मी डोकी त्यांच्या हाताखालून गेलेली. भांग कुठे पाडायचा ते डोकंच सांगतं, असं त्यांचं म्हणणं. "माझ्या पोराचा भांग डावीकडचा," ते येईल त्याला सांगायचे. "लहानपणी मीच पाडायचो. आता शहाणा झालाय." दुकान बंद झाल्यावरही भावोजींचे केस अण्णाच कापत. गॅलरीत स्टूल टाकायचं, खांद्यावर टॉवेल. कापून झालं की अण्णा डावीकडे भांग पाडून देत आणि कात्री ठेवायला आत जात. ते आत गेले की भावोजी खिशातला कंगवा काढून भांग मध्ये आणत. ह्यावरून दोघांत एक शब्द कधी झाला नाही. दोघंही आपापल्या जागी ठाम.

तसे भावोजी तीन भावांतले मधले. थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे निरोप पोचवायचं काम लहानपणापासून ह्यांच्याकडे. दोघांनाही राग येणार नाही असा निरोप तयार करता करता माणूस असा झाला. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे ना? भावोजी म्हणाले, "सगळ्यांना पसंत असेल तर मलाही आहे." आतून माझी ताई म्हणाली, "मला पसंत आहे. बाकीच्यांचं मी बघते." त्या दिवसापासून त्या घरात सगळं तीच बघते. एक घाव दोन तुकडे असा तिचा खाक्या, आणि ते दोन तुकडे सारखे झालेत की नाही हे बघत बसायला भावोजी.

आता हे सगळं घरात खपून गेलं असतं. पण त्यांच्या ह्या गुणाला कंपनीने हुद्दा दिला.

भावोजी आणि मी ज्या कंपनीत आहोत ती दवाखान्यातले पलंग बनवते. पायाशी हँडल असतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते आणि पेशंट उठून बसतो. खाली शेड, पुढे रस्त्याला लागून शोरूम, वर काचेची ऑफिसं. मी डिस्पॅचला आहे, म्हणजे तयार माल गाडीत चढवतो आणि कुठे जायचा ते बघतो. थोरले मालक होते तोवर निर्णय घ्यायची पद्धत सोपी होती. ते जिन्यावरून खाली यायचे, ओरडायचे, आणि ते ओरडतील ते आधी व्हायचं. ते गेले आणि त्यांची मुलगी खुर्चीवर बसली. मालकीणबाई हुशार आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. त्यामुळे पहिल्याच महिन्यात काय आधी करायचं ते कुणालाच कळेना.

चार विभाग, चार तऱ्हा. शेडमधले फोरमन कामांना नंबर द्यायचे. एक म्हणजे आत्ता, पाच म्हणजे बघू कधीतरी. खरेदीबाईंचं तसंच, त्यांच्याकडेही रांगेत पहिला तो एक. विक्रीवाले साहेब मात्र परीक्षेसारखे मार्क द्यायचे. पाच म्हणजे फारच महत्त्वाचं, एक म्हणजे कचरा. पलंगांचे आराखडे काढणाऱ्या ड्रॉइंगवाल्यांचा माणूस विक्रीवाल्यांच्या शेजारी बसायचा, त्याने त्यांचंच उचललं. चौघं आपापल्या खोलीत सुखात होते. एका टेबलाशी आले की रणकंदन.

मालकीणबाईंनी बैठक बोलावली. "आपल्याकडे निर्णय होत नाहीत, भांडणं होतात," त्या म्हणाल्या. "सगळ्या विभागांची निर्णय घ्यायची पद्धत एका चौकटीत आणायची. हे काम कुणी करायचं?" चौघांनी एका सुरात भावोजींचं नाव घेतलं. तेव्हा ते हजेरी आणि रजा बघायचे आणि त्यांनी आजवर कुणाची रजा नाकारली नव्हती. आपल्या पद्धतीला हा माणूस हात लावणार नाही ह्याची प्रत्येकाला खात्री होती, आणि ती खरी ठरली.

भावोजींनी पुष्कळ मेहनत घेतली. सुट्टीच्या दिवशीही घरी पट्टी-पेन्सिल घेऊन बसायचे. शेवटी चादरीएवढा एक तक्ता तयार झाला आणि मीटिंगच्या खोलीत टांगला गेला. वर मोठ्या अक्षरात 'एकात्मिक निर्णय चौकट'. खाली रकाने. प्रस्ताव कुणाचा, सल्ला कुणाचा, कळवायचं कुणाला. 'निर्णय कोण घेणार' ह्या रकान्यात त्यांनी सुरेख वळणदार अक्षरात 'सर्वानुमते' लिहिलं होतं. आणि सगळ्यात शेवटी तातडीचा आकडा. चारही विभागांनी आपापला आकडा द्यायचा, त्यांची सरासरी काढायची, आणि पाचाच्या जितकं जवळ तितकं काम आधी.

आता कुणीही विचारेल, की फोरमनचा एक आणि विक्रीवाल्यांचा एक, ह्यांचे अर्थ उलटे, मग सरासरी कसली काढता? मी विचारलं होतं. भावोजी म्हणाले, "अरे, कुणाला तुझी पद्धत सोड म्हणायचं? फोरमनला सांगितलं तर फोरमन दुखावणार, विक्रीवाल्यांना सांगितलं तर ते. कुणाचं काही मोडायचं नाही, फक्त एकत्र आणायचं. ह्यालाच एकात्मिक म्हणतात."

त्याचा परिणाम असा झाला, की एखादं काम आत्ताच्या आत्ता व्हायला हवं असं चौघांनाही वाटलं, तर दोघं पाच देणार, दोघं एक देणार, सरासरी तीन. एखादं काम केलंच नाही तरी चालेल असं चौघांना वाटलं, तरी तीनच. ज्यावर सगळ्यांचं एकमत, ते कायमचं मधे अडकलं. वर जायचं ते फक्त भांडणाचं काम. ड्रॉइंगवाल्याने एकदा डोक्याशी आरसा लावलेल्या पलंगाची कल्पना काढली. विक्रीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. दोघांचे पाच-पाच. फोरमन आणि खरेदीबाई म्हणाले, आजारी माणसाला आरसा कशाला दाखवता? त्यांच्या भाषेत सगळ्यात शेवटचा नंबर, म्हणून त्यांचेही पाच-पाच. चौकटीच्या इतिहासात पूर्ण पाच मिळवणारी ती एकमेव गोष्ट. सगळी शेड आरशाच्या पलंगांना जुंपली गेली. ते पलंग अजून गोदामात आहेत आणि मी त्यांच्यासमोरून जाताना रोज केस नीट करतो.

आकडे द्यायची पद्धत बदलावी, असाही विषय एकदा बैठकीत आला होता. चौघांनाही ते फार तातडीचं वाटलं. त्यामुळे त्याला तीन मिळाले.

गंमत अशी, की मालकीणबाई खूश होत्या. भांडणं थांबली होती. कुणी आवाज चढवत नव्हतं, सगळे विभाग एका लयीत काम करत होते, म्हणजे एका लयीत थांबले होते. वार्षिक सभेत त्यांनी भावोजींना उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. भावोजींनी उभं राहून सगळ्यांचे आभार मानले, डावीकडच्यांचे आणि उजवीकडच्यांचे, सारखे.

आणि मग अण्णा बाथरूममध्ये घसरून पडले.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वयामुळे आता उठून बसायचं ते आधाराने, तेही हळूहळू. डॉक्टर म्हणाले, हँडलचा पलंग आणा. पडून राहिले तर पाठ सोलवटेल, छातीत कफ साठेल. बसते करा, रोज थोडं थोडं, नाहीतर हे असेच झोपून राहतील. एवढं साधं काम. ज्या कंपनीत पलंगांच्या राशी पडल्यात तिथला साहेब घरात असताना एक पलंग आणायचा होता.

ताई म्हणाली, "उद्याच बाजारातून आणते." पण अण्णा ऐकेनात. "माझा पोरगा पलंगाच्या कंपनीत साहेब आहे," ते छताकडे बघत म्हणाले, "आणि मी परक्याच्या पलंगावर झोपू? लोक काय म्हणतील? आणेल तो." आणेल तो, असं त्यांनी भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. भावोजी उशाशी उभे राहून मान डोलवत होते.

कर्मचाऱ्याच्या घरी पलंग द्यायचा तर तो प्रस्ताव चौकटीतूनच जायला हवा, हे भावोजींनीच लिहिलेलं. म्हणून त्यांनी तो बैठकीत मांडला. मी गाड्यांचं वेळापत्रक द्यायला गेलो होतो, म्हणून तिथे होतो. असं एकमत मी त्या खोलीत कधी पाहिलं नाही. फोरमनने टेबलावर हात आपटला. "एक! अहो, एकच! ह्यात विचारायचं काय?" विक्रीवाले म्हणाले, "माझे पाच. सहा असते तर सहा दिले असते." खरेदीबाईंचे डोळे भरून आले होते. "माझाही एक, साहेब." ड्रॉइंगवाल्याने पाच बोटं वर केली.

भावोजींनी बेरीज केली. चाराने भागलं. पुन्हा भागून बघितलं. मग सगळ्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, "तीन."

"तीन म्हणजे कधी?" फोरमनने विचारलं.

"योग्य वेळी," भावोजी म्हणाले. "आपल्याकडे तीनवाली कामं बरीच आहेत. रांगेत घेऊ."

"साहेब, तुमचे वडील आहेत ते!"

"म्हणूनच," भावोजी म्हणाले. "मीच चौकट केली आणि पहिल्यांदा माझ्याच घरासाठी मोडली, तर उद्या मी कुणाला काय सांगू?" हे म्हणून त्यांनी समोरच्या कागदावर तीनचा आकडा लिहिला आणि तो पुन्हा पुन्हा गिरवला. चौघं खाली मान घालून बसले. मला त्या तक्त्याच्या चिंध्या कराव्याशा वाटत होत्या, पण मी वेळापत्रक टेबलावर ठेवून निघून आलो.

त्या दिवसांत मी भावोजींना पाण्यात बघायचो. पण सकाळी त्यांच्या घरी गेलो की राग टिकायचा नाही. हाच माणूस अण्णांच्या पाठीखाली हात घालून त्यांना कुशीवर वळवत असायचा, पाठीला पावडर लावायचा, चमच्याने भात भरवायचा. भात तोंडाच्या कडेने गळायचा, कारण आडव्या माणसाला गिळता येत नाही. मग तो पुसायचा. जन्मभर अण्णांनी माणसं वरून पाहिली होती, डोक्याकडून. आता त्यांना सगळ्यांच्या फक्त हनुवट्या दिसायच्या. "तू दाढी नीट करत नाहीस," एकदा ते मला म्हणाले, "गळ्याशी खुंट राहतात." आणि डोळे मिटून घेतले. दिवसेंदिवस ते डोळे जास्त वेळ मिटलेलेच असायचे. भावोजींचे केस कानांवर आले होते. दुसऱ्या कुणाकडून ते कापून घेईनात, आणि अण्णांना ते दिसत नव्हते.

ताईने एका संध्याकाळी विषयाला तोंड फोडलं. "तुमच्या त्या चौकटीतून तिनाच्या वर आजवर काय गेलं हो?"

"आरशाचा पलंग."

"आणि खाली?"

"खाली काहीच नाही. समतोल आहे."

"समतोल!" ताई म्हणाली. "माणूस आडवा पडलाय आतमध्ये आणि ह्यांचा समतोल चाललाय. उद्या मी जाते तुमच्या मालकीणबाईंकडे."

"नको," भावोजी म्हणाले. "रांगेत आहे ते." मग फारच हळू आवाजात म्हणाले, "येईल." अण्णांचं 'आणेल तो' ते असं परत करत होते, हे मला तेव्हा ऐकवेना. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

त्याच आठवड्यात फोरमन शेडच्या मागच्या बाजूला मला गाठून म्हणाले, "एक पलंग जोडलाय. उरल्यासुरल्या पायपांचा आहे, पण पक्का आहे. रविवारी तुझी गाडी जाते त्यात टाक. तुझ्या भावोजींना सांगू नकोस, आणि त्या बाकीच्या तिघांना तर अजिबात नाही. ते चौकटवाले आहेत."

मी मान हलवली. दुपारी विक्रीवाले साहेब जिन्यात भेटले. "शोरूममधला मधला पीस रविवारी हलव. पत्ता तुला ठाऊक आहे. बाकीच्यांना कळता कामा नये, कायदा काढून बसतील." शनिवारी सकाळी खरेदीबाईंनी मला बाजूला घेतलं. सामान पुरवणाऱ्याकडून त्यांनी एक पलंग नमुना म्हणून मागवला होता. "नमुना बघायला म्हाताऱ्या माणसाकडेच पाठवावा लागतो," त्या माझी नजर चुकवत म्हणाल्या. "फोरमनच्या कानावर जाऊ देऊ नकोस." संध्याकाळी ड्रॉइंगवाला. त्याच्या खोलीत आरशाच्या पलंगाचा पहिला पीस होता. "एवढाच आहे माझ्याकडे," तो बिचारा म्हणाला.

खरं म्हणजे त्याच रविवारी गोदामातला एक पलंग मी स्वतः पाठवणार होतो. पण हे चार चढवल्यावर गाडीत जागा उरली नाही. मी चौघांना थांबवायला हवं होतं, एकमेकांचं सांगायला हवं होतं, वगैरे सगळं खरं. पण मला कुणी कधी प्रस्ताव, सल्ला, निर्णय ह्यांतल्या कुठल्याच रकान्यात घातलं नव्हतं. मी फक्त 'कळवायचं कुणाला' ह्यात होतो आणि मला कळवलं गेलं होतं.

रविवारी सकाळी गाडी भावोजींच्या दाराशी लागली. हमालांनी पहिला पलंग जिन्याने वर नेला, तर खाली फोरमन स्कूटर लावत होते. आपला पलंग नीट बसतो का ते बघायला आले होते. मागून रिक्षातून खरेदीबाई उतरल्या. विक्रीवाले साहेब सुट्टीच्या कपड्यांत, हातात फळांची पिशवी. ड्रॉइंगवाला पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. चौघं जिन्याच्या तोंडाशी एकमेकांना बघून थिजले.

"तुम्ही इथे?"

"सहज. तुम्ही?"

"मीही सहजच."

तेवढ्यात दुसरा पलंग उतरला. मग तिसरा. चौथा उतरला तेव्हा त्याच्या आरशात चौघांचे चेहरे एकदम दिसले, आणि मला तोंडावर रुमाल धरावा लागला.

आवाज ऐकून भावोजी बनियनवरच जिन्यात आले. पाहतात तर कंपनीचे चारही विभाग त्यांच्या जिन्यात, आणि चार पलंग. ते सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. "बैठक आहे का?" त्यांनी विचारलं.

मग त्यांना हळूहळू कळायला लागलं असावं. त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "पण ह्याला तर तीन..." ते म्हणाले.

"बाजूला व्हा," ताई म्हणाली.

पण विभाग ते विभागच. चार पलंगांतला कुठला चांगला ह्यावरून तिथेच जुंपली. फोरमन म्हणाले शोरूमचा पीस नुसता दिखाऊ, विक्रीवाले म्हणाले उरल्यासुरल्या पायपांवर माणूस झोपवायचा का, खरेदीबाई म्हणाल्या दोन्ही नकोत. भावोजींनी सवयीने हात वर केला. "एक मिनिट. प्रत्येकाचं मत घेऊ, मग आपण..."

"जो दारात असेल तो आत आणा रे!" आतून अण्णा ओरडले. किती दिवसांनी त्यांचा आवाज जिन्यापर्यंत आला होता. दारात फोरमनचा होता. तो आत गेला.

आम्ही सगळ्यांनी मिळून अण्णांना उचलून नव्या पलंगावर ठेवलं. भावोजी पायाशी गेले आणि हँडल धरून फिरवायला लागले. डोक्याकडची बाजू कुरकुरत वर यायला लागली. साधारण अर्ध्यावर आल्यावर भावोजी थांबले. सवय, दुसरं काय!

"एवढं पुरे ना, अण्णा?"

"अजून."

त्यांनी फिरवलं. "आता?"

"अजून. मला बसव, लेका. अर्धवट नको."

भावोजी फिरवत राहिले. मधोमध थांबायला ह्या वेळी त्यांना कुणी वावच दिला नाही. अण्णा ताठ बसले. त्यांनी खोली पाहिली, खिडकी पाहिली, दाटीवाटीने उभी राहिलेली आम्ही माणसं पाहिली. मग पायाशी वाकून हँडल धरलेल्या मुलाचं डोकं त्यांना दिसलं, वरून, जसं त्यांनी जन्मभर पाहिलं तसं. त्या डोक्यावर मागच्या बाजूला आता टाळू दिसत होती आणि उरलेले केस पिकले होते. अण्णा बघतच राहिले.

"अरे," ते म्हणाले, "तू म्हातारा व्हायला लागलास की. आणि हे काय केस! कात्री कुठाय माझी?"

कात्री सापडली, पण इतके दिवस पडून गंजली होती. ताई म्हणाली, उद्या धार लावून आणते. मग ती ड्रॉइंगवाल्याकडे वळली. "हा आरसा निघतो का हो?" "निघतो ना," तो अभिमानाने म्हणाला, आणि दोन स्क्रू फिरवून त्याने आरसा तिच्या हातात दिला. बाकीचे तीन पलंग मी गाडीत घालून परत नेले आणि तूर्त गोदामात उतरवले.

सोमवारी मालकीणबाईंना शोरूममध्ये मोकळी जागा दिसली आणि त्यांनी गेटावरची नोंदवही मागवली. आम्हा सगळ्यांना वर बोलावणं आलं. त्यांनी तेव्हाही आवाज चढवला नाही. "चार पलंग चौकटीतून न जाता बाहेर गेले," त्या म्हणाल्या. "हा निर्णय कुणाचा?"

खरेदीबाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधी भावोजी म्हणाले, "माझा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांना धड खोटं बोलताही येत नाही, कान लाल होतात. तेव्हाही ते लाल झाले होते.

"तुमचा? आणि ह्या चौघांना केव्हा कळवलंत?"

"नाही कळवलं."

"मग चौघांनी एकाच आठवड्यात, बैठक न घेता, एकमेकांना न सांगता, एकच गोष्ट कशी केली?"

"केली," भावोजी म्हणाले.

मला वाटलं, आता भावोजींची नोकरी गेली. पण मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "अहो, मला इतके दिवस हेच हवं होतं!" त्या म्हणाल्या. "सगळे विभाग, एक निर्णय, एकाही भांडणाशिवाय. हे तुम्ही जमवलंत कसं, ते सविस्तर लिहून आणा. जुना तक्ता घेऊन जा, त्याच्या मागे नवी चौकट मांडा. पुढच्या सभेत ठेवू."

भावोजींनी तक्ता उतरवला, गुंडाळला आणि बगलेत मारून घरी नेला.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो तक्ता जमिनीवर अंथरला होता, कोरी बाजू वर. त्याच्यावर स्टूल आणि स्टुलावर भावोजी, खांद्यावर टॉवेल. पलंग पूर्ण वर केलेला. अण्णांच्या हातात धार लावलेली कात्री होती. हात थरथरत होता, पण कात्री केसांत गेली की थांबायचा. पांढरे-काळे केस तक्त्यावर पडत होते.

"मालकीणबाईंचं लिहून झालं का?" मी विचारलं.

"नाही जमणार ते मला," भावोजी म्हणाले. "उद्या सांगतो त्यांना."

"बोलू नकोस, मान हलते," अण्णा म्हणाले.

कापून झालं. अण्णांनी कंगवा घेतला आणि काही न विचारता डावीकडे भांग पाडला. मी वाट बघत होतो. आता अण्णा आत जाणार, म्हणजे भावोजी तो मध्ये आणणार. पण अण्णांना आता आत कुठे जाता येणार होतं! ते तिथेच बसून राहिले. त्यांनी ताईला खूण केली. ताईने पलंगाचा तो आरसा आणून दिला, आणि अण्णांनी तो दुकानातल्यासारखा भावोजींच्या समोर धरला. हात फार थरथरायला लागला, तेव्हा मी पुढे होऊन आरसा धरला.

भावोजींनी आरशात पाहिलं. सवयीने हात डोक्याकडे गेला. अर्ध्या वाटेवर थांबला. मग तो हात खाली आला आणि त्यांनी टॉवेलच्या टोकाने डोळे पुसले.

"केस गेला वाटतं डोळ्यात," अण्णा म्हणाले. "उठ आता. आणि हा कचरा गोळा कर."

भावोजींनी तक्त्याची चारही टोकं उचलली, केस आतल्या आत राहतील अशी नीट मोट बांधली आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकून आले.